आम्ही किहीमचे रशियावाले

एखादा माणूस किस्से सांगायला बसला की आपल्याला वाटतं, याच्याच आयुष्यात बरं एवढं घडतं! खरं तर घडत काही नसतं. माणसं तीच, जागा तीच आणि हट्ट तोच असला की किस्से आपोआप साचतात. आमच्या किहीमच्या ओट्यावर वाळू साचते तसे. सकाळी झाडून काढली तरी संध्याकाळी पायाला लागतेच.

आमचा हट्ट होता रशियाचा. म्हणजे नुसत्या रशियाचा नाही, त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या देशांचा. 'रशियन आणि युरेशियन अभ्यास' असं आमच्या विषयाचं भारदस्त नाव. मुंबईला एम.ए. केलं आणि पुढे तिघांनीही पीएच.डी.ला नाव घातलं. तिघे म्हणजे मी मीनल, किहीमची. आमची नारळ-सुपारीची वाडी आणि तिच्यात पाहुण्यांसाठी तीन कॉटेज. दुसरा दिनेश, उरणकडचा आगरी, घरचा ट्रेलरचा धंदा. तिसरी सुगंधा, रेवदंड्याची कोळीण. तिची आई अलिबागच्या बाजारात मासळी विकते.

पावसाळ्यात आमच्याकडे गिऱ्हाईक नसतं, म्हणून मधलं कॉटेज आम्हाला अभ्यासाला मिळायचं. आमच्या गाइड मॅडम महिन्यातून एकदा लाँचने मांडव्याला उतरून यायच्या, लाँच बंद असली तर पेणवरून एसटीने. पंखा सुरू करायच्या आधी त्या वह्या मागायच्या.

त्यांचा पहिल्या दिवसापासून एक नियम होता. पाचेकशे वर्षांपूर्वी एक रशियन व्यापारी घोडा घेऊन इथे चौलला उतरला होता, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. मॅडम म्हणाल्या, "त्याच्यावर थिसिस करायचा नाही. तो तुमच्याकडे येऊन गेला. आता तुम्ही तिकडे जा." दिनेशचा चेहरा पडला, कारण त्याचं पहिलं प्रकरण त्या घोड्यावरच लिहून झालं होतं.

जायचं सगळ्यात जास्त सुगंधाला होतं. तिचा विषय होता कझाकस्तानातल्या अरल समुद्राकाठचे मासेमार. तो समुद्र आमच्या जन्माच्या आधीच आटत गेला आणि बंदरं वाळवंटात राहिली. हल्ली बांध घालून उत्तरेकडचं पाणी थोडंसं परत आणलंय. तिथे राहून तिथल्या मासेमार बायकांशी बोलायचं, असा तिचा बेत होता. आणि नेमक्या त्याच वर्षी विद्यापीठाने परदेशचे अभ्यासदौरे बंद केले. तिची एक मुदतवाढ वापरून झाली होती. फील्डवर्क दाखवलं नाही तर नाव रद्द, आणि चार वर्षं पाण्यात. तेव्हा पुढचे सगळे किस्से कितीही हसण्यावारी नेले तरी त्या वर्षी आमच्या डोक्यात एकच गोष्ट होती, सुगंधाचा थिसिस.

*

तुम्ही काय शिकता, या प्रश्नाचं उत्तर आम्ही आपापल्या परीने देऊन बघितलं. एकही लागू पडलं नाही.

आमच्या भागात रशिया म्हटलं की लोकांना एकच गोष्ट कळते, तिकडे डॉक्टर व्हायला जातात. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर पालक गुणपत्रिका घेऊन हजर! मी त्यांना सांगायची, काका, आम्ही तिथला इतिहास, राजकारण, समाज शिकतो, ॲडमिशनचं आमच्याकडे काही नाही. काका मान डोलवायचे आणि विचारायचे, "बरं, पण ओळख तर असेल?"

सुगंधाची गत याहून वाईट. तिच्या शेजारच्या जाईमावशींनी ठरवूनच टाकलं होतं की पोरगी रशियाची डॉक्टर होतेय. त्या गुडघा दाखवायला यायच्या. पहिल्यांदा सुगंधाने समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा थोडी चिडली. तिसऱ्यांदा मात्र अलिबागच्या सरकारी इस्पितळात जाऊन तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडून गुडघ्याचे चार व्यायाम नीट शिकून आली, आणि रोज संध्याकाळी जाईमावशींकडून करून घ्यायला लागली. ही सुगंधा! एकदा दारात आलेल्या कामाला ती नाही म्हणत नाही.

दोन महिन्यांत मावशी जेट्टीपर्यंत चालत जाऊन यायला लागल्या. आता त्या गावभर सांगतात, "आपल्याकडच्या डॉक्टरांना काय कलतंय? शिक्शान रशियाचंच."

*

आमच्या मॅडमचं म्हणणं, ज्याला नकाशा तोंडपाठ नाही त्याने त्या भागाबद्दल तोंड उघडू नये. म्हणून दर महिन्याला कोऱ्या कागदावर मध्य आशियाचा नकाशा काढायचा, न बघता. त्यात फरगाना खोरं म्हणजे छळ आहे. तीन देशांच्या सीमा एकमेकींत गुंतलेल्या, आणि एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाची बेटं. समुद्र नसलेल्या मुलखात बेटं!

त्या दिवाळीत मला सुचलं की रोज सराव व्हावा म्हणून रांगोळीच फरगानाची काढू. उझबेकिस्तान पिवळा, किर्गिझस्तान लाल, ताजिकिस्तान हिरवा. तीन तास कंबर मोडून काढली. माझी आई बाहेर आली, बघून म्हणाली, "हे काय सांडलंय?" तिच्या मते रांगोळी दोन्ही बाजूंनी सारखी हवी. मी म्हटलं, आई, या देशांचं तेच तर दुखणं आहे. ती म्हणाली, दुखणी दारात काढत नाहीत.

पाहुण्यांना मात्र आवडली. पुण्याच्या एका बाईंनी रांगोळीसमोर उभं राहून फोटो काढले आणि असलं डिझाइन कोणत्या क्लासला शिकवतात ते विचारून घेतलं.

दुपारी मॅडम फराळाला आल्या. उंबरठ्याशी थांबल्या. आम्हाला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, वाकल्या, चिमूटभर पिवळी रांगोळी उचलली आणि किर्गिझस्तानच्या पोटातला उझबेकिस्तानचा एक ठिपका बोटभर दक्षिणेला सरकवला. "सोख चुकलं होतं," असं म्हणून आत जाऊन चकली खाल्ली.

त्यानंतर तासाभरात आमच्या कोंबड्या त्या रांगोळीवरून फिरल्या आणि तिन्ही देशांचा सीमाप्रश्न कायमचा मिटला. दिनेशने त्याचाही फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उद्या परत काढा."

*

दिनेशचा विषय होता ट्रक. कझाकस्तानच्या सीमेवर मालट्रकांच्या रांगा का लागतात, यावर त्याने तिकडच्या तज्ज्ञांचे लेख वाचून काढले होते. कागदपत्रं, जकातीचे नियम, काय काय. प्रत्येक जण वेगळं कारण देत होता आणि दिनेशची गाडी चाळिसाव्या पानावर रुतली होती.

त्याचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एकदा त्याला सोडायला किहीमला आले. आयुष्यभर ट्रेलर चालवलेला माणूस, आता स्वतःच्या गाड्या आहेत. दिनेशच्या लॅपटॉपवर त्या रांगेचा फोटो उघडा होता. आबांनी चष्मा लावला आणि फोटो निरखून बघितला.

"ही मानसं कागदासाठी नाय थांबलीत," ते म्हणाले. "बघ, डायवरनं कपडं धुवून वालत घातलेत. म्हंजे त्याला पयल्यापासून म्हायती हाय, तीन दिस लागनार. म्हायती हाय तरी येतंय, म्हंजे दुसऱ्या रस्त्यानं याच्यापेक्षा जास्त लागतात. तू दुसरा रस्ता शोध."

दिनेशने दुसरा रस्ता शोधला. सापडला. त्याच्या थिसिसचं तिसरं प्रकरण सबंध त्या दोरीवरच्या कपड्यांवर उभं आहे. आता पंचाईत अशी की याचा संदर्भ कसा द्यायचा? लेखक नाही, पुस्तक नाही, पान नाही. शेवटी त्याने छातीवर दगड ठेवून तळटीप दिली, 'वडिलांशी प्रत्यक्ष संभाषण, किहीम.'

मॅडम ती तळटीप खोडतील याची आम्हाला खात्री होती. त्यांनी समासात लाल पेनने लिहिलं होतं, "वडिलांचा या क्षेत्रातला अनुभव किती वर्षांचा ते नमूद करा."

*

आता माझा स्वतःचा किस्सा, जो मी सांगितला नाही तर दिनेश सांगेल, आणि तो वाढवून सांगतो.

आमची रशियन भाषा झाली ती करार, ठराव आणि संयुक्त निवेदनं वाचून. त्यामुळे कुठल्याही दोन राष्ट्रांच्या परस्पर हितसंबंधांवर मी अर्धा तास बोलू शकत होते. रशियन माणसाशी बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती आली हिवाळ्यात. किहीमला पक्षी बघायला येणारे खूप, तसं एक वयस्कर रशियन जोडपं आमच्याकडे आठ दिवस उतरलं.

पहिल्याच सकाळी आजोबा दारात. त्यांना आंघोळीला गरम पाणी हवं होतं, ते मला खुणांवरून कळलं. मी आनंदाने पुढे झाले, तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की 'सामूहिक सुरक्षा' येते, 'निःशस्त्रीकरण' येतं, पण बादली येत नाही! साबण येत नाही. टॉवेल येत नाही. पण माघार घ्यायची नाही असं ठरवून मी जे येत होतं त्यातच सांगितलं, "आपल्या विनंतीवर सकारात्मक विचार करण्यात येत असून आवश्यक ती उपाययोजना नजीकच्या काळात अंमलात आणली जाईल."

आजोबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायजम्याची नाडी घट्ट केली, ताठ उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आमचं शिष्टमंडळ या भूमिकेचं स्वागत करतं."

त्या दिवसापासून आजी आम्हा तिघांना कामाला लावायच्या. बादली, कढई, मीठ, जाळं, सुई, एकेक वस्तू हातात घेऊन आम्ही त्यांच्याकडून शब्द शिकलो. सुगंधा तर रोज रेवदंड्याहून रिक्षाने यायची. तिने अरलच्या बायकांना विचारायची प्रश्नावली आजींना वाचून दाखवली. 'जलपातळीतील घट व तिचे कौटुंबिक उत्पन्नावरील परिणाम आपण कसे विशद कराल?' असे बेचाळीस प्रश्न. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, हे मला कुणी विचारलं तर मी वकील बोलावीन."

सुगंधाने ती प्रश्नावली तिथल्या तिथे फाडली. तयार करायला तिला पाच महिने लागले होते.

*

जाता येत नाही तर फोनवरून बोलायचं, असं सुगंधाने ठरवलं. अरलकाठच्या एका गावातल्या शाळेचं पान तिने इंटरनेटवर शोधलं, तिथल्या मास्तरांना पत्रावर पत्र पाठवून पिडलं, आणि शेवटी त्यांनी एका बाईंशी गाठ घालून दिली. नाव गुलझान. साठीच्या घरातल्या, जन्म मासेमाराच्या घरातला. त्यांच्या गावापासून समुद्र निघून गेला तो गेलाच, बांधाचं पाणीही तिथपर्यंत परत आलेलं नाही. तिकडे मोठ्या बाईला आपा म्हणतात, म्हणून आम्हीही गुलझान आपा म्हणायला लागलो.

त्यांच्या आणि आपल्या घड्याळात फक्त अर्ध्या तासाचा फरक. दर शुक्रवारी पाचला सुगंधा आमच्या ओट्यावर बसून व्हिडिओ कॉल लावायची.

पहिल्या शुक्रवारी आपांनी समुद्राचं नाव ऐकताच फोन बंद केला. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाल्या, टीव्हीवाले आले, वाळूतल्या जहाजांचे फोटो काढून गेले, सगळं छापून आलंय, ते वाच. आणि फोन बंद. तिसऱ्यांदा पाहुणे होते. चौथ्यांदा चहा उकळत होता.

पाचव्या शुक्रवारपासून सुगंधाने समुद्राचा विषयच काढणं सोडलं. आपांची सून, आपांच्या शेळ्या, सांधेदुखी, चहात दूध आधी घालायचं की नंतर, यावर बोलायची. मी वैतागले. म्हटलं, अगं, मुदत संपत आलीय, इथे तू शेळ्यांचं काय लिहून घेतेस? ती म्हणाली, "मीनल, माझ्या आईकडे कुणी वही घेऊन आलं आणि म्हणालं, तुझा नवरा वादळात गेला तो दिवस सांग, तर आई सांगेल का?"

तिचे वडील समुद्रात गेले होते, ती सहावीत असताना. ती हे कधी बोलत नाही. मी नंतर पुन्हा कधी तिला त्यावरून टोकलं नाही.

अकरा शुक्रवार झाले. वहीत अकरा नोंदी, आणि समुद्राबद्दल त्यांत अवाक्षर नाही. मॅडमनी सगळ्या वाचल्या, वही मिटून परत दिली आणि विचारलं, "बारावा शुक्रवार कधी आहे?"

त्याच सुमारास तिकडच्या मास्तरांचा निरोप आला. आपा गावात म्हणत होत्या म्हणे की ती हिंदुस्थानातली पोरगी काही कामाची दिसत नाही, पण तिने फोन चुकवला तर मला चुकल्यासारखं होतं.

*

आणि मग तो शेवटचा शुक्रवार.

विद्यापीठाच्या समितीने कळवलं की फोनवरच्या गप्पांना फील्डवर्क म्हणता येणार नाही. मॅडम भांडल्या. बऱ्याच भांडल्या. शेवटी एवढंच ठरलं की बाहेरचे एक परीक्षक स्वतः येऊन काम कसं चाललंय ते बघतील. त्यांच्या फॉर्मवर अनुकूल शेरा आला तर मुदतवाढ, नाहीतर नाव रद्द. मॅडमनी सुगंधाला सांगितलं, "त्यांच्याकडे मी रदबदली करणार नाही. शेरा तू मिळवायचास."

परीक्षक सर म्हणजे तरुणपणी मॉस्कोत शिकलेले, सत्तरीचे, कमी बोलणारे. सुगंधाने सगळं चोख ठरवलं. ओट्यावर नको, रेवदंड्याच्या जेट्टीवर बसू, मागे भरलेली खाडी, होड्या, मासळी उतरवणारी माणसं, म्हणजे सरांना दोन्हीकडचं काम एकदम दिसेल. वेळ दुपारी तीनची. आपांना सोयीची, सरांना परतीच्या लाँचला सोयीची. लाँचची वेळ बघितली, कझाकस्तानची बघितली, नेटवर्क बघितलं. दिनेशने पॉवर बँक आणली.

आम्ही सरांना आणि मॅडमना घेऊन दोन रिक्षांनी जेट्टीवर पोचलो आणि खाडी रिकामी! ओहोटी. काळा चिखल, त्यात बगळे, आणि सगळ्या होड्या कुशीवर कलंडलेल्या. कोळ्याच्या घरात जन्मलेली पोरगी, पण कित्येक महिने अरलच्या वेळेवर जगत होती, भरती-ओहोटी बघायची राहून गेली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. जेट्टीवर माणूस म्हणाल तर एक तिची आई. टोपलीपाशी बसून सुकट निवडत होती.

सर रुमालाने दगड पुसून बसले. मांडीवर फॉर्म घेतला. सुगंधाने कॉल लावला.

आपा आल्या. नेहमीप्रमाणे सुनेची चौकशी झाली, शेळ्यांची झाली. सरांनी घड्याळ बघितलं. बोलता बोलता सुगंधाचा हात जरा हलला आणि फोनमधून मागची खाडी दिसली. आपा बोलता बोलता थांबल्या. मला वाटलं, नेटवर्क गेलं. पण त्या दिसत होत्या, चेहरा फोनच्या अगदी जवळ आणलेला.

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कधी गेलं?"

सुगंधाला कळेना. तिने मान वळवून मागे बघितलं, त्या चिखलाकडे, कलंडलेल्या होड्यांकडे, आणि तिला प्रश्न उमगला. तिच्या आईने विचारलं, "काय इचारतंय ती?"

"पानी कवा गेलं, इचारतंय."

आईने सुकटीतून डोकं वर न काढता सांगितलं, "सकाली गेलं. साडेचारला येल की."

सुगंधाने ते रशियनमध्ये सांगितलं.

"फोन ठेवू नकोस," आपा म्हणाल्या. "मी बघते."

दिनेशने मासळीचा एक रिकामा खोका आणला, त्यावर फोन खाडीकडे तोंड करून उभा केला आणि पॉवर बँक जोडली. आम्ही सगळे बसून राहिलो. मॅडम सरांच्या कानात लाँचबद्दल काही म्हणाल्या. सरांनी हाताने खूण केली, बसा.

अर्ध्या तासाने आपा आपणहून बोलायला लागल्या. कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणाल्या, पाणी गेल्यानंतरही त्यांचे वडील दर वसंतात होडीला डांबर लावायचे. सहा वर्षं लावलं. लोक हसायचे. आई रडायची. ते कुणाला काही न बोलता डांबर लावून घरी यायचे. सातव्या वर्षी ते वारले. होडी अजून तिथेच आहे. सुगंधा भराभर लिहीत होती, आणि मधूनमधून मराठीत आईला सांगत होती. शेजारी सरही लिहीत होते.

सगळं ऐकून तिची आई म्हणाली, "बरोबर केलं बाबानं. सुकी राह्यली की होरी फुटते."

सुगंधाने हेही सांगितलं. तेव्हा आपा रडल्या. मोकळेपणाने, पदराने तोंड पुसावं तसा डोक्याचा रुमाल ओढून रडल्या. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

चारनंतर पाणी आलं. आधी चिखलातून एक रेघ, मग होड्यांच्या बुडाशी. आपांनी हाका मारून सुनेला बोलावलं, शेजारणींना बोलावलं. त्या एवढ्याशा फोनमध्ये सहा-सात तोंडं दाटीवाटीने बघत होती. पहिली होडी हलली, सरळ झाली. मग दुसरी. तिकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे सुगंधाची आई टोपली उचलून उठली, तिला होड्यांचं काही नवल नव्हतं.

आपांनी विचारलं, "उद्या परत जाईल?"

"जाल," सुगंधाने विचारल्यावर तिची आई म्हणाली. "आनि येल."

परतीची लाँच केव्हाच सुटली होती. सरांनी चष्मा पुसला आणि फॉर्म पुढे ओढला. पाचवा रकाना होता, 'संशोधक प्रत्यक्ष क्षेत्रात उपस्थित होता किंवा होती काय?' सरांनी त्यापुढे ठळक अक्षरात 'होय' लिहिलं आणि खाली सही केली.

मॅडम शेजारून वाचत होत्या. त्यांना राहवेना.

"सर, पण कुठल्या क्षेत्रात?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "तेवढी जागा नाहीये फॉर्मवर."